फुकटचं कुलूप आणि मामांची कल्हई

जुलैत मामांना पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांना एक बंब आणि दोन घंगाळी हवी होती. नाव-पत्ता भरायला त्या आमच्या वेबसाइटवर गेल्या तर वरच्या पट्टीत 'सुरक्षित नाही' असं आलं. "तुमचं दुकान खरं आहे ना हो?" असं त्यांनी सरळ विचारलं. मामांची नाशिकच्या भांडी बाजारातली ही चौथी पिढी. पुरात दुकानात पाणी शिरलं, लॉकडाऊनमध्ये शटर खाली राहिलं, पण दुकान खरं आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. फोन ठेवला आणि पहिला फोन मला.

वेबसाइट माझी. म्हणजे केलेली मी. मी अंबडला एका कारखान्यात स्टोअरचं सॉफ्टवेअर सांभाळते. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा नाही, पण घरात 'कॉम्प्युटरवाली' एकच असते आणि आमच्याकडे ती मी. साइट आधी एका होस्टिंग कंपनीकडे होती. त्यांनी सर्टिफिकेटचे, म्हणजे ज्याने 'सुरक्षित नाही' ही पाटी जाते त्या डिजिटल दाखल्याचे, वर्षाला साडेतीन हजार सांगितले, तेव्हा जूनअखेरीस मी सगळं उचलून महिना पाचशे रुपयांच्या छोट्या सर्व्हरवर आणलं. उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, एनजिनएक्स हा पानं पाठवणारा प्रोग्राम, तीस-चाळीस फोटो आणि चौकशीचा एक फॉर्म. लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं सर्टिफिकेट 'या शनिवारी बसवते' असं म्हणत तीन शनिवार गेले होते.

मामांचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "फुकट देतात म्हणजे त्यांना काय मिळतं?"

प्रश्न रास्तच आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप नावाची, नफ्यासाठी नसलेली एक अमेरिकन संस्था चालवते. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी मिळून ती उभी केली. ३ डिसेंबर २०१५ला सर्वांसाठी खुली झाली. खर्च देणग्या आणि प्रायोजकांवर चालतो. मोठ्या कंपन्या पैसे देतात, कारण सगळं वेब एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती झाकून नेणाऱ्या वाटेवर, आलं तर त्यांचाही त्रास कमी होतो. मामांना मी एवढंच सांगितलं, "अन्नछत्र आहे असं समजा." ते पटलं. नाशकात राहून अन्नछत्र न कळणारा माणूस विरळा.

दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. "त्यात आपल्या दुकानाचं नाव असतं का?" नसतं. या सर्टिफिकेटवर फक्त डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नाव येतं. ज्याने मागितलं त्याच्या हातात ते डोमेन आहे, एवढंच तपासलं जातं, आणि बाईंचा फोन नंबर त्यांच्या मोबाइलपासून आमच्या सर्व्हरपर्यंत झाकून जातो. तांबं शुद्ध आहे की नाही, मामा माल वेळेवर पाठवतात की नाही, याची हमी त्यात नाही. चोरालाही हे सर्टिफिकेट मिळतं. मामा म्हणाले, "मग हॉलमार्क नाही म्हणायचं." नाहीच.

१८ जुलैचा शुक्रवार. कारखान्यातून थेट दुकानात गेले. दिव्यांची अवस सहा दिवसांवर, त्यामुळे गल्लीभर पितळी समया घासायला काढलेल्या. मामा मागच्या चौकात भट्टी पेटवून बसले होते. मी ओट्यावर लॅपटॉप उघडला.

करायचं फार नसतं. (इथून पुढे कमांड देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलमध्ये तशाच टाकू नका.) सर्टबॉट नावाचा प्रोग्राम स्नॅपमधून टाकायचा. मग सुडो सर्टबॉट, पुढे एनजिनएक्सचा पर्याय, त्यापुढे डोमेनचं नाव, एकदा साधं आणि एकदा डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावून. तो ईमेल विचारतो, अटी मान्य करून घेतो. आत जे घडतं तेही सरळ आहे. लेट्स एन्क्रिप्ट एक चिठ्ठी देतं, सर्टबॉट ती आपल्या सर्व्हरवर ठरलेल्या जागी ठेवतं, आणि मग लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, पोर्ट ८०वरून, म्हणजे साध्या, न झाकलेल्या एचटीटीपीच्या दारातून, येऊन ती वाचून जातात. चिठ्ठी सापडली तर डोमेन तुमचं. त्यावर सही करून सर्टिफिकेट हातात. पोर्ट ८०चं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

माझी चिठ्ठी सापडली नाही. 'असं पान इथे नाही' या अर्थाचा आकडा आला. चारशेचार.

परत केलं. चारशेचार. एनजिनएक्सच्या फाइलमधला मार्ग तपासला, फोल्डरच्या परवानग्या सैल केल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला. माझ्या ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित उघडत होती, हाताने ठेवलेली फाइलसुद्धा दिसत होती, पण त्यांना दिसेना. पाचव्यांदा केलं आणि त्यांनी दार लावलं. एका नावासाठी तासाला पाच चुका, मग दर बारा मिनिटांनी एक संधी परत. सरावासाठी त्यांनी वेगळा स्टेजिंग सर्व्हर ठेवलेला आहे, ड्राय-रन म्हटलं की तिथे जातं आणि तिथल्या मर्यादा बऱ्याच सैल आहेत. ते मला माहीत होतं. वापरलं नव्हतं.

बारा मिनिटं करायला काही नव्हतं म्हणून चौकात जाऊन बसले. एका काकूंचं पितळी पातेलं कल्हईला आलं होतं. मामांनी भाता मारून कोळसे फुलवले, पातेलं सांडशीत धरून आचेवर फिरवत तापवलं. नवसागराची पूड टाकली तसा पांढरा धूर उसळला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग कथलाची कांडी आत नुसती टेकवली, ती वितळून थेंब पळाला, आणि कापसाच्या बोळ्याने एक फेरा मारला तशी काळपट पिवळ्यावरून चांदीसारखी लाट सरकत गेली. हे मी लहानपणापासून शंभर वेळा पाहिलंय, तरी त्या लाटेपाशी डोळे थांबतातच. पातेलं पाण्यात बुडवलं, चर्र झालं.

काकू म्हणाल्या, "जरा जाड द्या की. दोन वर्षं यायला नको."

मामा म्हणाले, "जाड दिली तरी झिजायची तेवढी झिजणारच. आणि दोन वर्षं तुम्ही आला नाहीत तर आत काय झालंय ते मला कसं दिसणार? भांडं परत आलं पाहिजे."

हे मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण डोक्यात चारशेचार होतं.

ओट्यावर परत येऊन पहिल्यांदा एरर शांतपणे वाचली. चुकीच्या उत्तराच्या आधी एक पत्ता छापलेला होता, आकडे, अक्षरं आणि मध्ये अपूर्णविरामांची रांग. आयपीव्ही६चा, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा, पत्ता. (जुनी पद्धत आयपीव्ही४.) माझ्या सर्व्हरला आयपीव्ही६ घेतलंच नव्हतं! साइट हलवताना डीएनएसमधला (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी नोंदवही) आयपीव्ही४चा ए रेकॉर्ड मी बदलला होता, पण चार ए वाला रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६चा, जुन्याच होस्टिंगकडे बोट दाखवत राहिला होता. असा रेकॉर्ड असला की लेट्स एन्क्रिप्ट आधी त्याच वाटेने जातं. तिकडून काहीच उत्तर आलं नसतं तर त्यांनी आयपीव्ही४ करून पाहिलं असतं. पण जुना सर्व्हर जिवंत होता आणि अगदी सौजन्याने 'असं काही इथे नाही' म्हणून सांगत होता. माझ्या लॅपटॉपचं नेट आयपीव्ही४वर, त्यामुळे मला सगळं आलबेल.

आणि मग आठवलं की दोन आठवडे मामा कुरकुरत होते, "माझ्या मोबाइलवर जुनंच पान दिसतं गं." मी त्यांना कॅशे, म्हणजे फोनने साठवलेलं जुनं पान, असेल म्हणून फोन बंद करून चालू करायला लावला होता. तीन वेळा. त्यांच्या मोबाइलचं नेट आयपीव्ही६वर चालतं. दोष पहिल्या दिवसापासून त्यांच्या हातातल्या पडद्यावर दिसत होता, आणि मी तज्ज्ञ.

तो रेकॉर्ड उडवला, चहा घेतला, पुन्हा केलं. साडेसात वाजता सर्टिफिकेट मिळालं. मामांच्या मोबाइलवरही नवं पान उघडलं.

"कुलूप कुठाय?" मामांनी विचारलं. मी आठवडाभर 'कुलूप येईल, कुलूप येईल' म्हणत होते. क्रोमने २०२३च्या सप्टेंबरात ते कुलपाचं चित्रच काढून टाकलंय, त्या जागी दोन सरकत्या बटणांसारखं काहीतरी असतं. लोक कुलूप बघून साइटच विश्वासाची समजायला लागले होते, हे एक कारण. कारण बरोबर आहे, पण मामांना ते समजावताना मी हरले. 'सुरक्षित नाही' गेलं, यावर समाधान मानलं.

त्याच रात्री घरी येऊन नूतनीकरणाचा ड्राय-रन केला. पास. हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट आपणहून दिवसातून दोनदा बघतं आणि शेवटचे तीसेक दिवस उरले की नवं आणतं. म्हणजे विसरून जायला हरकत नाही. मी विसरले.

ऑगस्टमध्ये एका सुट्टीत मला सर्व्हर 'मजबूत' करायचा झटका आला. कुठेतरी एक यादी वाचली. त्यात होतं, न लागणारे पोर्ट बंद करा. सगळी ये-जा ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवरून होते, मग ८० कशाला? सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या पॅनेलमध्ये पोर्ट उघडायची-बंद करायची फायरवॉल होती, तिथे ८० बंद केलं. यादीत पुढे एचएसटीएस होतं. हे म्हणजे ब्राउझरला दिलेली ताकीद, की ही साइट वर्षभर फक्त एचटीटीपीएसवरच उघडायची, दुसरं काही ऐकायचं नाही. तेही लावलं. साइट छान चालत होती. मी स्वतःवर खूश.

१७ ऑक्टोबर, वसुबारस. सकाळी आठला मी चिवड्याचे पोहे भाजत होते. फोन वाजला.

"अगं, साइट मेली."

मेली नव्हती, मुदत संपली होती. १८ जुलै अधिक नव्वद, १६ ऑक्टोबर, आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. धनत्रयोदशी दुसऱ्या दिवशी. भांड्यांच्या दुकानाला वर्षात हा एकच दिवस असा, की ज्या दिवशी साइट चालायलाच हवी. आणि आधी साइटवर येऊन गेलेल्यांना 'तरीही पुढे जा' असा रस्तासुद्धा नव्हता, कारण एचएसटीएसची ताकीद ब्राउझर पाळत होता. ती मीच दिली होती. किती जण दारातून परत गेले हे कळायलाही मार्ग नाही, कारण सर्टिफिकेटशीच अडलेला माणूस एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, येतच नाही.

गॅस बंद केला (पोहे थोडे लागलेच), लॅपटॉप उघडला. नूतनीकरण करून पाहिलं. कनेक्ट होताना टाइमआउट, बहुधा फायरवॉलचा प्रॉब्लेम, असं स्वच्छ लिहून आलं. सर्व्हरवरची फायरवॉल बघितली तर तिथे ८० उघडं. पंधरा मिनिटं मी तिथेच डोकं आपटत होते. सर्व्हरच्या आतली फायरवॉल वेगळी आणि पॅनेलमधली वेगळी, आणि मी बंद केलं होतं ते पॅनेलमध्ये, हे आठवायला सासूबाईंनी "वास कसला येतोय?" म्हणून स्वयंपाकघरात यावं लागलं. का ते विचारू नका. पॅनेल उघडलं, ८० मोकळं केलं, कमांड परत दिली. अर्ध्या मिनिटात काम झालं.

दुपारी लॉग वाचायला बसले आणि खरी लाज तेव्हा वाटली. सप्टेंबरच्या मध्यापासून रोज दोनदा सर्टबॉटने प्रयत्न केला होता, रोज दोनदा टाइमआउट, आणि प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. साठेक नोंदी. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की भांडी बाजारातले लोक माल वरच्या फळीवर चढवायला लागतात, कमरेला लागेपर्यंत कुणी थांबत नाही. इथे महिनाभर पाणी चढत होतं आणि मी नदीकडे फिरकलेच नव्हते. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्ट ईमेल पाठवायचं. मी त्या भरवशावर होते. ती ईमेल त्यांनी ४ जून २०२५पासून बंद केली, म्हणजे मी सर्टिफिकेट घेतलं त्याच्या दीड महिना आधीच.

"वर्षाचं द्यायला काय झालं होतं त्यांना?" संध्याकाळी मामा वैतागून म्हणाले. मीही सकाळपासून तेच म्हणत होते. पण मामांच्या तोंडून ऐकलं आणि काकूंचं पातेलं आठवलं.

"मामा, काकूंनी जाड कल्हई मागितली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हं. पण मी भांडं बघतो. तू कुठे बघितलंस?"

याला उत्तर नव्हतं. नव्वद दिवसांमागचा लेट्स एन्क्रिप्टचा हिशेब तोच आहे. सर्टिफिकेटची गुप्त किल्ली कुणाच्या हाती लागली तर नुकसान थोड्या दिवसांपुरतं राहावं, आणि मुदत इतकी छोटी असावी की माणसाने हाताने करायच्या फंदात न पडता ते यंत्राकडेच सोपवावं. आता तर पैसे मोजून घेतलेली सर्टिफिकेटंही त्याच वाटेवर आहेत. १५ मार्च २०२६पासून नव्या सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, आणि २०२९च्या मार्चपासून ४७. तेव्हा साडेतीन हजार भरले असते तरी यातून सुटका नव्हती. उलट तिथे वर्षभर विसरून राहता आलं असतं आणि मग एखाद्या दिवाळीत हेच.

दिवाळीनंतर दोन गोष्टी केल्या. पोर्ट ८० कायमचं उघडं ठेवलं. तिथे आलेल्याला एनजिनएक्स ४४३कडे वळवतं, एवढंच त्याचं काम, त्यात भिण्यासारखं काही नाही. आणि आठ ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. ती माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर रोज सकाळी चालते, बाहेरून साइटला भेट देते, सर्टिफिकेट कधी संपतंय ते विचारते आणि वीस दिवसांपेक्षा कमी उरले तर मला टेलिग्रामवर संदेश टाकते. सर्व्हरवरच ठेवली असती तर सर्व्हर पडल्यावर तीही पडली असती. मुद्दाम एकदा मर्यादा शंभर दिवस करून संदेश येतो का ते पाहिलं. आला. ड्राय-रनचं काय झालं होतं ते आठवून महिन्याने परत पाहिलं.

मामांचा माझ्या स्क्रिप्टवर विश्वास नाही. त्यांनी दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर १६ डिसेंबरला, म्हणजे पुढचं सर्टिफिकेट यायच्या दिवशी, लाल पेनाने गोल करून ठेवला होता, उधारीच्या तारखांना करतात तसा. त्या दिवशी सकाळी मी कारखान्याच्या बसमध्ये असताना फोन आला.

"भांडं परत आलं का?"

मोबाइलवर साइट उघडून सर्टिफिकेटची तारीख बघितली. पहाटे तीन वाजून काही मिनिटांनी नवं बसलं होतं. मी झोपेत होते.

"आलं," म्हटलं.

"बरं. मग ते घंगाळाचे फोटो बदल आता, फार काळे आलेत."